लाकडी भिंतीच्या बाजूने

मागील अंकातील निसर्ग आणि कृत्रिमता या विषयावरील लेख मी दोनदा वाचला. लेखकमहाशय वयाने आणि व्यासंगाने माझ्याहून वडील आहेत, आणि त्यांच्या गद्याचा मी जुना चाहता आहे. त्यामुळे हा प्रतिवाद लिहिताना हात जड झाला, हे आरंभीच नमूद करतो. परंतु ज्या एका दाखल्यावर त्या लेखाची सगळी इमारत उभी आहे, तो दाखलाच उलटा लावलेला आहे. मंडळाच्या सभासदांनी तो तसाच खरा धरून चालू नये, एवढ्यासाठी हे लिहिणे भाग पडले.

दाखला असा. पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिकमधील प्रस्तरारोहणाचे सामने लेखकमहाशयांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. इंडोनेशियाचा वेद्रिक लिओनार्दो १५ मीटर उंचीची भिंत ४.७५ सेकंदांत चढला आणि सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. ती भिंत माणसाने उभारलेली. तिच्यावर हाताने धरावयाचे उंचवटे स्क्रूने बसवलेले. डोंगर नाही, दगड नाही, वारा नाही, आणि तरी त्याला आरोहण म्हणावयाचे, याचा त्यांना विषाद वाटला. तेथून त्यांनी निष्कर्ष काढला तो असा की, आल्प्सच्या खोऱ्यांतील मोकळ्या कड्यांवर रंगणारा एक उदात्त खेळ बाजाराने उचलला आणि कोठारात कोंडला. आधुनिक माणसाने निसर्गाशी केलेल्या द्रोहाचे हे ताजे उदाहरण होय.

माझे म्हणणे याच्या अगदी विरुद्ध आहे. द्रोह झाला हे खरे. पण तो आल्प्सच्या मोकळ्या कड्यांवर झाला, उघड्या आकाशाखाली आणि निसर्गप्रेमाच्या नावाने झाला. तो थांबवण्याचे काम जर कोणी केले असेल, तर ते याच बदनाम लाकडी भिंतीने केले.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझी कन्या आणि जावई नोकरीनिमित्त इटलीत तोरिनो शहरी असतात. २०१९ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो असता एके रविवारी आम्ही बार्दोनेक्किया या गावावरून पुढे वाल्ले स्त्रेत्ता नावाच्या खोऱ्यात गेलो. नावाचा अर्थ 'अरुंद खोरे'. मेलेझे हे खेडे मागे टाकले की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात, आणि नाव किती नेमके आहे ते कळते. डाव्या हाताला कातळाची उभी भिंत, तळाशी लार्च वृक्षांचे बन, एका अंगाला तीन शिखरांची ओळ. त्या शिखरांना बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांची नावे आहेत: मेल्किओर्रे, गास्पारे आणि बाल्दास्सारे. खोऱ्याच्या माथ्याला ३,१७८ मीटर उंचीचा ताबोर डोंगर आहे, आणि त्याच्या शिखरावर एक छोटे प्रार्थनामंदिर. डोंगराच्या माथ्यावर देऊळ पाहिले की आपल्याकडचा माणूस आपोआप हात जोडतो. मीही खालूनच जोडले.

बेळगावच्या माणसाला त्या खोऱ्यात आणखी एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. खोऱ्याचे पाणी इटलीकडे वाहते, बारमाही वाट इटलीकडूनच येते, मुक्कामाच्या घरांची नावे इटालियन आहेत. पण १९४७ च्या पॅरिस तहाने खोऱ्याचा बहुतेक भाग फ्रान्सला दिला गेला. फ्रान्सच्या अंगाने तेथे यावयाचे तर १,७६२ मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते, आणि हिवाळ्यात ती बर्फाने बंद असते. प्रत्येक शिखराला आणि तळ्याला दोन-दोन नावे. जावयाने हे सांगितले तेव्हा मी नुसता हसलो. सीमेचा विषय निघाला की आम्हा बेळगावकरांची लेखणी वाहवत जाते. तेव्हा हे येथेच सोडतो.

त्या खोऱ्यातील कातळभिंतीला पारेते देई मिलिती, म्हणजे 'सैनिकांची भिंत', असे नाव आहे. १९८५ च्या जुलै महिन्यात आंद्रेआ मेल्लानो हे गिर्यारोहक आणि एमानुएले कास्सारा हे पत्रकार, अशा दोघा तोरिनोकरांच्या पुढाकाराने या भिंतीवर प्रस्तरारोहणाची स्पर्धा भरली. सोव्हिएत संघात कॉकेशस पर्वतातील कड्यांवर वेगाने चढण्याच्या शर्यती १९४० च्या दशकापासूनच होत असत. परंतु अवघड मार्गावर कोण अधिक वर जातो हे पाहणारी, पश्चिम युरोपातील नामांकित आरोहकांना एकत्र आणणारी स्पर्धा ही पहिलीच. पुरुषांत जर्मनीचा वीस वर्षांचा श्टेफान ग्लोवाच पहिला आला, स्त्रियांत फ्रान्सची कातरीन देस्तिवेल. पुढल्या वर्षी बार्दोनेक्कियाच्या जोडीला सार्का नदीच्या खोऱ्यातील आर्को या गावीही स्पर्धा झाली, आणि १९८७ पासून आर्कोची 'रॉक मास्टर' स्पर्धा दरसाल भरू लागली. आज ऑलिंपिकमध्ये जे दिसते त्याचे मूळ या दोन खोऱ्यांत आहे. म्हणजे लेखकमहाशयांना जो खेळ खोऱ्यातून पळवून नेलेला वाटतो, तो खोऱ्यातच, खऱ्या कड्यावर, खऱ्या वाऱ्यात सुरू झाला होता.

मग तो तेथून का उठला? प्रश्नाचे उत्तर लेखात नाही, आणि सगळा मुद्दा तर या उत्तरातच आहे.

नैसर्गिक कडा स्पर्धेसाठी घडलेला नसतो. स्पर्धेत सर्वांपुढे एकच आणि सर्वांना सारखाच अपरिचित मार्ग हवा. कड्यावरचा मार्ग गावातल्या मुलाला ठाऊक असतो, परगावच्याला नसतो. स्पर्धेत मार्ग असा हवा की त्याने पंचवीस स्पर्धकांना पंचवीस पायऱ्यांवर उभे करावे. कडा असे काही करीत नाही. एक तर सगळेच माथ्याला पोहोचतात, नाही तर सगळे एकाच गुळगुळीत जागी अडतात. पहिल्या दहा जणांच्या बुटांनी दगड घासला की अकराव्याला तो वेगळाच लागतो. एखादी कपार मध्येच निखळली तर पुढच्या साऱ्यांसाठी मार्गच बदलतो. आणि प्रेक्षक? ते तर तळाच्या झाडीत उभे. त्यांना दिसणार काय?

आयोजकापुढे दोनच वाटा उरतात. एक तर स्पर्धा सोडून द्यावयाची, नाही तर कड्याला 'तयार' करावयाचे. त्या वर्षांत दुसरी वाट धरली गेली. नैसर्गिक कड्यांवरील स्पर्धांसाठी कोठे छिन्नीने खोबणी कोरल्या, कोठे डळमळणाऱ्या कपारी राळेने चिकटवून घट्ट केल्या, कोठे समोरची झाडे पाडली, अशा तक्रारी त्या काळी स्वतः आरोहकांनीच केल्या. आणि हा रोग स्पर्धेपुरता राहिला नाही. विजेरीवर चालणारे भोक पाडण्याचे यंत्र त्याच दशकात स्वस्त आणि हलके झाले. हातोडीने ठोकून एक भोक पाडावयास जेथे अर्धा तास लागे, तेथे आता एक-दोन मिनिटांत काम उरकू लागले. दक्षिण फ्रान्सपासून आल्प्सच्या पायथ्यापर्यंत कित्येक चुनखडकी कड्यांवर बोटे नेमकी मावतील अशा खोबणी रातोरात उगवल्या. जो मार्ग आपल्याला जमत नाही, तो जमेल असा करून घ्यावयाचा, आणि मग त्यावर आपले नाव घालावयाचे.

अशी एक खोबण मी स्वतः पाहिली आहे. दुसऱ्या एका खोऱ्यात. नाव सांगत नाही. नात आठ वर्षांची, तिने खालच्याच एका खोबणीत बोट घातले आणि म्हणाली, "आजोबा, हे तर गोल आहे." निसर्गात पाण्याने कोरलेली खोबण कधीच अशी गोल नसते, तिला एक ओठ असतो, पाणी कोठून आले आणि कोठे गेले याची खूण असते. ही खोबण नळासारखी सरळ आत गेली होती. काठावर यंत्राच्या पात्याच्या वळ्या अजून शाबूत होत्या. आजूबाजूला रानफुले, वर निळे आकाश, खाली खळाळता ओढा. लेखकमहाशय तेथे उभे असते तर निसर्गाच्या सान्निध्याने भारावून गेले असते, आणि ती खोबण त्यांना दिसलीही नसती.

आता दुसऱ्या पक्षाची गोष्ट. १९८५ साली फ्रान्समधील एकोणीस नामांकित आरोहकांनी एक पत्रक काढून स्पर्धांना विरोध केला. आरोहण ही ज्याची त्याची शोधयात्रा आहे, तिला घड्याळ आणि गुणपत्रिका लावू नये, असा त्यांचा सूर होता. लेखकमहाशयांचा लेख त्या पत्रकाचाच चुलतभाऊ शोभेल. पत्रकातील भावना थोर होती हे मी नाकारीत नाही. मात्र पत्रक काढून स्पर्धा थांबल्या नाहीत, आणि सही करणाऱ्यांपैकी काही जण पुढे स्वतःच स्पर्धेत उतरले. त्यांना ढोंगी म्हणण्याची माझी इच्छा नाही. तरुण माणसाला आपले बळ दुसऱ्याच्या बळाशी ताडून पाहावेसे वाटते. ही भूक उपदेशाने मरत नाही. तिला वेगळे ताट वाढावे लागते.

ते ताट म्हणजे लाकडी भिंत. लिओं शहराजवळ व्हो-आं-व्हेलें येथे १९८६ साली बंदिस्त सभागृहात कृत्रिम भिंतीवर स्पर्धा झाली. आर्कोची स्पर्धा पहिल्या वर्षी कोलोद्रीच्या नैसर्गिक कड्यावर झाली होती. १९८८ पासून ती गावात उभारलेल्या भिंतीवर गेली. पुढल्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय स्पर्धा कृत्रिम भिंतीवरच घ्यावयाच्या असे ठरून गेले, आणि निसर्गाची हानी टाळणे हे त्यामागचे एक उघड कारण होते. प्लायवूडच्या तक्त्याला भोके पाडली तर कोणाचे काय जाते? मार्ग रचणारा कारागीर रात्री उंचवटे बसवतो, सकाळी स्पर्धक प्रथमच तो मार्ग पाहतात, संध्याकाळी सारे काढून पेटीत भरले जाते. दुसऱ्या दिवशी त्याच तक्त्यावर नवा प्रश्न. कोलोद्रीचा कडा मात्र गावाच्या माथ्यावर उभाच आहे, आणि आता त्याला कोणी स्पर्धेसाठी 'तयार' करीत नाही.

येथे कोणी विचारील की, कड्यात बोल्ट ठोकणे चालते, मग खोबण कोरली तर काय बिघडले? दोन्ही भोकेच. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

बोल्ट म्हणजे कातळात भोक पाडून बसवलेली पोलादी खुंटी. तिला कडी, कडीतून दोर. ती आरोहकाला वर नेत नाही. पडला तर अडवते. वर जाण्यासाठी त्याला दगडाने जे दिले आहे तेवढेच मिळते. खोबण कोरणारा मात्र दगडाने काय दिले आहे हेच बदलतो. एकाने परीक्षागृहाला कठडा बांधला. दुसऱ्याने प्रश्नपत्रिका खोडून सोपी केली. या दोघांना एका पंक्तीत बसवणे मला मान्य नाही.

असे असले तरी बोल्टच्या बाबतीतही मी सरसकट माफी देत नाही. हा वाद जुना आणि मोठा आहे. १९११ साली पाउल प्रॉइस या ऑस्ट्रियन तरुणाने एका आल्प्सविषयक नियतकालिकात लेख लिहून लोखंडी मेखांवर विसंबून चढण्याच्या रीतीवर हल्ला चढवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जेथून दोराविना उतरता येईल तेवढेच चढावे, मेख ही संकटकाळची शिल्लक असावी, रोजच्या खर्चाचे भांडवल नव्हे, आणि सुरक्षितता हे मोठे तत्त्व खरे, पण ती आपल्या कुवतीच्या खऱ्या अंदाजातून यावी. तीता पियाझ आणि हान्स ड्युल्फर यांच्यासारखे नाणावलेले आरोहक त्याच्याविरुद्ध उभे राहिले. प्रॉइसने त्याच वर्षी ब्रेंता पर्वतातील काम्पानिले बास्सो या सुळक्याच्या पूर्वभिंतीवर एकट्याने, दोराविना, चढून आपले म्हणणे कृतीने सिद्ध केले होते. ३ ऑक्टोबर १९१३ रोजी गोसाऊकाम येथील मांडलकोगेलवर एकटा चढत असता तो पडून मेला. वय सत्तावीस.

प्रॉइसच्या विरोधकांना त्याचा मृत्यू फार सोयीचा वाटतो. मला तसा तो वाटत नाही, आणि त्याच्या अनुयायांप्रमाणे मी त्याची आरतीही करीत नाही. आठ वर्षांच्या नातीला दोराविना कड्यावर सोडा असे सांगणाऱ्या तत्त्वापुढे मी नमणार नाही. गावालगतचा, दरीतला, रोज शंभर माणसे चढतात असा कडा असेल तर तेथे पक्के बोल्ट असावेत, आणि ते वेळोवेळी बदललेही जावेत. परंतु जेथे भेगा आहेत, त्या भेगांत काढता-घालता येणारी साधने बसतात, तेथे बोल्ट ठोकणे हे आळसाचे लक्षण आहे.

ही काढता-घालता येणारी साधने कोठून आली, याची एक कहाणी आहे आणि ती लेखकमहाशयांना आवडेल. तोरिनोच्या उत्तरेला, ग्रान पारादीसोच्या डोंगरात, ओर्को नदीचे खोरे आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी जान पिएरो मोत्ती आणि त्याच्या तोरिनोकर मित्रांनी शिखरांकडे पाठ फिरवली आणि खोऱ्याच्या तळाशी, रस्त्यावरून दिसणाऱ्या ग्रॅनाइटसदृश भिंतींवर चढावयास सुरुवात केली. तोवर अशा भिंतींना शिखर नाही म्हणून त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात 'एल कॅपिटन' नावाचा प्रचंड कडा आहे. तो कप्तान, तर आमचा एवढासा कडा हा शिपायांचा नाईक, म्हणून त्यांनी आपल्या भिंतीचे नाव 'कापोराल' ठेवले. शेजारच्याचे 'सेर्जेंत', म्हणजे हवालदार. शिखराचा अहंकार सोडून आल्यावर माणसाला अशी थट्टा सुचते. मोत्तीने १९७४ साली 'नवी पहाट' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला, आणि ती सगळी चळवळच त्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता कप्तानाकडे वळतो. त्याच योसेमिटीत रे जार्डीन नावाचा अभियंता चढत असे. भेगेत घातले की फुगून बसणारे आणि ओढले की सुटून येणारे एक स्प्रिंगचे साधन त्याने सिद्ध केले; १९७८ पासून ते बाजारात आले. कातळावर ओरखडाही न उठवता माणूस सुरक्षित चढू शकतो, हे या एका शोधाने शक्य झाले. गेल्या शतकात कड्यांवर एवढे मोठे उपकार दुसऱ्या कोणत्या वस्तूने केले असतील असे मला वाटत नाही. आणि याच जार्डीनने १९८० च्या आसपास एल कॅपिटनच्या 'नोज' नावाच्या मार्गावर, केवळ हातापायांनी चढून जाता यावे म्हणून, छिन्नीने पकडी कोरल्या! पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. १९९३ साली लिन हिल हिने तो मार्ग प्रथमच केवळ हातापायांनी चढून पुरा केला. जगात नाव झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु तिलाही त्या कोरलेल्या तुकड्यावरून जावे लागले. न कोरलेल्या कातळावरून ती गेली असती की नसती? तो प्रश्न छिन्नीने कायमचा पुसून टाकला. ज्या हाताने कड्याला न दुखावणारे साधन दिले, त्याच हाताला छिन्नीचा मोह आवरला नाही, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. दुष्ट माणसांनी कडे बिघडवले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

याच्या उलट चित्र हवे असेल तर ते दोलोमितीमधील हायलिगक्रॉइत्सकोफेल या डोंगरावर आहे. १९६८ साली राइनहोल्ड मेस्नर आणि त्याचा धाकटा भाऊ ग्युंटर तेथील मधल्या स्तंभावर चढत होते. वर एका गुळगुळीत पाट्यावर वाट संपली. अवघे काही मीटर. बोल्ट ठोकला असता तर दहा मिनिटांचे काम होते. राइनहोल्ड बोल्टविना त्या पाट्यावरून पार गेला. त्यानंतर येणारे कित्येक चांगले आरोहक त्या जागी थबकले. १९७८ साली हाइन्झ मारियाखर आला तोही त्या पाट्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूने वर गेला. लक्षात घ्यावयाचे ते हे की, त्याने पाटा तसाच ठेवला. जमले नाही म्हणून त्याने वळसा घेतला, पाट्याला भोक पाडले नाही. त्याच १९६८ साली मेस्नरने 'अशक्याचा खून' अशा अर्थाचा लेख लिहिला. त्यात यंत्राच्या आणि बोल्टच्या बळावर कोठूनही वर जाणाऱ्यांवर टीका होती. त्या तरुण मुलाचा मुद्दा आजही ताजा आहे: मला आज जमत नाही ते उद्याच्याला जमेल, हा उद्याच्याचा हक्क मी आज हिरावून घेऊ नये.

माझ्या एका मित्राने, हा लेख वाचून दाखवला तेव्हा, निराळीच शंका काढली. तो म्हणाला, डोंगर काय कायमचे आहेत? शामोनी खोऱ्यातील द्र्यूच्या ज्या स्तंभावर वाल्तेर बोनात्ती १९५५ साली एकटा चढला, तो स्तंभच जून २००५ मध्ये कोसळून खाली आला. आतला बर्फ वितळत चालला आहे. कडे ढासळत आहेत. मग चार खोबणींचे एवढे काय? त्याला मी विचारले, आपण सारे एक दिवस मरणार आहोत, म्हणून शेजाऱ्याच्या कानशिलात मारावी काय? तो गप्प झाला. उत्तर थोडे आडदांड होते हे खरे, पण त्याहून सभ्य उत्तर मला अजून सुचलेले नाही.

हा विषय वाङ्मयाच्या पत्रिकेत कशाला, असे काही सभासदांच्या मनात आले असेल. आपल्या मंडळात गेली काही वर्षे एक चर्चा वारंवार उठते. आपल्या नातवंडांना घरात मराठी बोलता येते, पण जुने पंडिती काव्य त्यांना कळत नाही. संतवाङ्मयातील शब्द अडतात. तेव्हा जुन्या संहितांतील अवघड शब्द बदलून, ओव्या सोप्या करून, नव्या आवृत्त्या काढाव्यात अशी सूचना आली होती. सूचना करणारे तळमळीने बोलत होते, आणि लेखकमहाशयांनीही तिला पाठिंबा दिला होता, हे मला स्मरते. मी त्या वेळी काही बोललो नाही, आज बोलतो. मुलांसाठी सोपे हवे असेल तर नवे पुस्तक लिहावे. ते लाकडी भिंतीसारखे असो: रंगीत, सुरक्षित, दरवर्षी बदलता येणारे, आणि आपण ते मुलांसाठी रचले आहे हे न लपवणारे. त्यावर बोटे घट्ट होऊ द्यावीत. जुन्या संहितेवरचा शब्द मात्र खोडू नये. निसर्गात कृत्रिमतेची ज्यांना एवढी चीड, त्यांना कवितेत छिन्नी कशी चालते, हे कोडे मला उलगडत नाही.

लाकडी भिंतींत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. सर्वांत मोठा दोष लेखकमहाशयांच्या नजरेतून सुटला, तो मीच सांगतो. या भिंतींमुळे आरोहकांची संख्या अतोनात वाढली. शहरातल्या भिंतीवर शिकलेली मंडळी सुट्टीच्या दिवशी खोऱ्यात लोटतात. कड्याच्या तळाची माती तुडवली जाते, खडूच्या भुकटीने कातळ पांढरा पडतो, सोप्या मार्गांवरचे दगड बुटांनी घासून घासून आरशासारखे होतात. भिंतीवर वाढलेल्या काहींना कड्याने आपल्या सोयीने वागावे असे वाटते. पकड हाताशी नाही म्हणून ते कुरकुरतात. वाल्ले स्त्रेत्तात त्या रविवारी असा एक तरुण मी पाहिला. पण त्याच्याबरोबरच्या मुलीने त्याला जे सुनावले, ते जावयाने मला मराठीत सांगितले, आणि ते ऐकून माझी चिंता बरीच कमी झाली. ती म्हणाली होती, "ही भिंत तुझ्यासाठी कोणी स्क्रूने बसवलेली नाही." दोन्ही भिंतींतला फरक तिला लाकडी भिंतीवरच कळला होता. ज्यांनी केवळ कडा पाहिला त्या १९८० च्या दशकातील मंडळींना तो कळला नव्हता. त्यांच्यापाशी दुसरी भिंतच नव्हती, म्हणून त्यांनी कड्यालाच दोन्ही कामे सांगितली.

लेखकमहाशयांच्या लेखात शेवटी एक आवाहन आहे: कृत्रिम भिंती मोडाव्यात आणि तरुणांना पुन्हा कड्यांवर न्यावे. त्यांना माझा एकच प्रश्न आहे. समजा, उद्या तसे झाले. पॅरिसला जे ऑलिंपिकचे सामने झाले, ते सगळे पुढल्या खेपेस आल्प्सच्या एखाद्या खोऱ्यात, खऱ्या कड्यावर घ्यावयाचे ठरले. साऱ्या जगातील स्पर्धक, चित्रवाणीचे दिवे, हजारो प्रेक्षक. पंच म्हणाले की अमुक ठिकाणी मार्ग फारच कठीण आहे, सगळे एकाच जागी अडताहेत. सामना रंगत नाही. रात्री कोणी तरी दोराने वर जाऊन चार इंचांची एक खोबण कोरून यावी लागेल. हे काम कोणाला सांगावयाचे, आणि कोणता कडा निवडावयाचा? पुढील अंकात त्यांनी कड्याचे नाव लिहावे. मी वाट पाहतो आहे.